उंची, पाऊस आणि किरणांचें मोजमाप

रत्नागिरीच्या पुळणीवर किरणोत्सर्ग मोजणारें यंत्र ठेवलें, तर आसपास अणुभट्टी नसतांही त्याचा कांटा शून्यावर राहात नाहीं. जमिनींतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांचे किरण त्यास खालून मिळतात आणि विश्वकिरण वरून. या दोहोंचा हिशेब निराळा लावावयाचा तर उंची बदलून मोजावें लागतें.

१९१० सालीं थिओडोर वुल्फ यांनीं आयफेल मनोऱ्यावर माप घेतलें. किरण घटले, पण अपेक्षेइतके नव्हेत. १९१२ च्या ऑगस्टमध्यें व्हिक्टर हेस बलूनमधून सुमारें ५,३०० मीटर वर गेले. आरंभीं उतरलेला आंकडा पुढें चढतच गेला. विश्वकिरणांच्या या शोधाबद्दल त्यांस १९३६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

समुद्रसपाटीस विश्वकिरणांचा वांटा वर्षाला सुमारें ०.३ मिलिसीव्हर्ट असतो. आंबा घाट चढून गेल्यास तो किंचित् वाढतो. परंतु पुळणीची रेती, सड्यावरील जांभा व घाटांतील काळा पाषाण यांचे किरण सारखे नसतात. म्हणून एका जागेचें माप साऱ्या जिल्ह्यास लागू पडत नाहीं.

हवेचेंही तसेंच आहे. हिंवाळ्यांत रात्रीं जमीन लवकर निवते, तिच्यालगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखालीं कोंडते आणि धूर सखल भागांतच रेंगाळतो. जमिनींतून निघणारा रेडॉन वायूही याच थरांत सांचतो. त्यापासून उत्पन्न होणारीं किरणोत्सर्गी द्रव्यें धुळीच्या कणांना चिकटतात. पावसाची सर आली कीं तीं धुऊन खालीं येतात आणि यंत्राचा आंकडा कांहीं काळ चढतो.

राजापूर तालुक्यांत जैतापूरजवळ माडबन येथें प्रत्येकीं १,७३० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांची योजना आहे. तिला २०१० सालीं पर्यावरणविषयक मंजुरी देण्यांत आली होती. कोणी या योजनेचा पुरस्कर्ता असो वा विरोधक, भट्ट्या सुरू होण्यापूर्वीं निरनिराळ्या उंचींवर व सर्व ऋतूंत घेतलेलीं मापें दोघांनाही हवींत. तीं नसतील तर आषाढसरीनें चढलेला आंकडा पाहून लोक व्यर्थ घाबरतील, आणि उद्यां खरी गळती झाली तर पावसाचें निमित्त सांगून ती झांकतां येईल.

यास्तव असा कोणताही आंकडा कानीं आला, कीं तो कोठें, केव्हां व किती उंचीवर घेतला, आणि तेव्हां पाऊस होता काय, हे चार प्रश्न आपण अवश्य विचारावेत.