सूर्यास्ताकडे पाठ करून

संध्याकाळी काशीदच्या किनाऱ्यावर सगळे मोबाइल पश्चिमेकडे रोखलेले असतात. छायाचित्रणाचा छंद खरोखर जडलेला माणूस मात्र समुद्राकडे पाठ करून सुरूच्या झाडांखालच्या कोरड्या वाळूवर पालथा पडलेला सापडतो. चार महिने धो धो पाऊस पडूनही हा पट्टा वाळवंटासारखाच वागतो. वाळूत पाणी टिकत नाही, वारा खारट आणि दुपारी पाय टेकवेनात इतकी जमीन तापते.

अशा जागी तग धरते ती मर्यादवेल. आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली, जाडसर पाने, पेरापेराला फुटणारी मुळे आणि जांभळट गुलाबी, नरसाळ्यासारखी फुले. तिच्या जाळ्यामुळे वाळू जागच्या जागी धरून राहते. बिया समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरवर जाऊन रुजतात. फुले सकाळी उमलतात आणि दुपारनंतर मान टाकतात, त्यामुळे उशिरा उठणाऱ्याच्या वाट्याला फक्त पाने येतात. उभ्याने टिपलेली मर्यादवेल हिरव्या गोधडीसारखी सपाट दिसते. कॅमेरा वाळूला टेकवला की तीच वेल समुद्रावर चालून निघाल्यासारखी वाटते.

इथली वाळू अलिबागच्या काळपट वाळूपेक्षा फिकट आहे. चकाकणारा पांढरेपणा पाहून कॅमेरा फसतो, प्रकाश जास्त समजून फोटो काळवंडून टाकतो. म्हणून एक्स्पोजर थोडे वाढवावे लागते. हे मोबाइलवरही बोटाने जमते.

त्याहून महत्त्वाचे गणित भरती-ओहोटीचे. ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास या किनाऱ्यावर ती साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. तेव्हा पाणी सर्वांत दूर गेलेले असते आणि प्रकाश तिरपा असतो. छंदिष्टांच्या घरी कालनिर्णय लेन्सइतकाच जपला जातो तो यामुळे! ओल्या वाळूवर इवलेसे खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळूतले अन्न चाळून खातात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती रांगेने मांडतात. पावलांची धमक त्यांना लगेच कळते. हालचाल थांबवून पडून राहिले की थोड्या वेळाने ते पुन्हा डोके काढतात. पुढच्या भरतीत ती सगळी नक्षी पुसली जाते. हिवाळ्यात चिखले, तुतवार, कुरव येतात. फोटोसाठी थवा मुद्दाम उडवणारे महाभाग असतात; दूरवरून आलेल्या पाखरांचे खाणे त्यात मोडते आणि फोटोत बहुधा शेपट्याच येतात.

काशीदच्या मागच्या डोंगरात फणसाड अभयारण्य आहे. पूर्वी हे जंजिरा संस्थानाचे शिकारीचे रान होते, 1986 मध्ये ते अभयारण्य झाले. इथला मानकरी शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो क्वचितच खाली उतरतो, त्यामुळे छायाचित्रकाराला मान वर करून उजळ आभाळाच्या पार्श्वभूमीवर काळवंडलेली आकृती मिळते. उतारावर उभे राहून समोरच्या झाडाचा शेंडा नजरेच्या पातळीला आणला तरच त्याचा तांबूस रंग खुलतो.

एकाच जागी परत परत जाण्याचा वस्तुपाठ याच किनाऱ्यावर आहे. बर्लिनहून परतल्यावर हातात नोकरी नसताना सालिम अली 1930 मध्ये उत्तरेला किहीमला राहिले आणि सुगरण पक्ष्याची घरटी न्याहाळत बसले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तरच तिथे राहते. मग नर दुसरे घरटे विणायला घेतो. हे त्यांनी जवळच्या झाडांवर रोज पाहून नोंदवले. फोटोखाली तारीख, वेळ आणि जागा लिहिणारा हौशीही त्याच वाटेवर असतो.

गावातली दृश्ये टिपताना मात्र वेगळी रीत लागते. कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई आहे. इथल्या काही घरांत आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात. मासळी वाळत घालणाऱ्या मावशींसमोर थेट कॅमेरा धरण्यापेक्षा आधी "फोटो काढू का?" विचारावे आणि पुढच्या खेपेला छापील प्रत न्यावी. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या कितीतरी वाड्या आडव्या झाल्या. त्याआधी कुणी सहज टिपलेले वाडीचे, अंगणाचे फोटो आता त्या घरांतच मागून घेतले जातात.