गाडीचं हूड फाटलं? नवं घेण्याआधी हा हिशोब करा



या आठवड्याच्या व्हिडिओत घाईघाईत उरकलेला विषय इथे नीट मांडतो. डिलाईल रोडवरच्या एका डेकोरेटर दादांचा प्रश्न होता. त्यांच्याकडे कापडी हूडची जुनी जीप आहे. साइट बघायला आणि पार्टीला कापडाचे नमुने दाखवायला तीच वापरतात. मागच्या प्लास्टिकच्या खिडकीजवळ हूड फाटलंय, पुढून पाणी गळतंय आणि गॅरेजवाला म्हणतो, "अख्खं हूड बदला." पाऊस तोंडावर आहे. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून. त्यात गणपतीच्या ऑर्डरसाठी कापड, बांबू, प्लायवूड यांत पैसे अडकलेले. आता करायचं काय?

१. एका ओळीचं कोटेशन घेऊ नका

हूड ही एक वस्तू नाही. त्यात कापड आहे, मागची पारदर्शक खिडकी आहे, शिवण आहे, कमानी आणि त्यांचे सांधे आहेत, कडेचं रबर आणि पुढचं लॉक आहे. बिघडतं त्यातलं एखादं-दुसरं, आणि बिल मात्र सगळ्याचं येतं. म्हणून प्रत्येक भागाचा भाव वेगळा मागा. पण त्याआधी घरच्या घरी तीन गोष्टी बघा.

पाणी: हूड लावून तुम्ही आत बसा. बाहेरून कुणाला तरी मग्ग्याने पाणी ओतायला सांगा. आधी कडेच्या रबरावर, मग शिवणीवर, शेवटी वरच्या कापडावर. जिथून थेंब येईल तिथे आतून खडूने खूण करा. पुढच्या काचेवरून गळत असेल, तर बरेचदा कापडाचा दोष नसतोच. रबर दबलेलं असतं किंवा लॉक सैल झालेलं असतं.

कापड: फाटलेली कड दोन बोटांनी हलकेच ओढा. टरकन पुढे फाटली तर कापडाचा जीव गेला. त्यावर ठिगळ लावाल तर सुईच्या भोकांपासून पुन्हा फाटेल. धरून राहिली तर ठिगळ चालेल.

कमानी: हूड सावकाश उघडा आणि बंद करा. एक बाजू आधी बसते का? कापड कुठे घासतं का? वाकलेली कमान तशीच ठेवून नवं कापड चढवलंत, तर तेही त्याच जागी फाटणार.

२. कुठलं काम कुणाकडे?

कापड, खिडकी, चेन आणि टिच बटणं ही कामं मेकॅनिकची नाहीत, सीट कव्हर शिवणाऱ्याची आहेत. आपल्या भागात रिक्षा नाहीत, पण सायन-बांद्र्याच्या पलीकडे रिक्षाचं हूड शिवणारे कारागीर सापडतात. त्यांच्या हाताला जाड रेक्झिनची सवय असते. रबर, लॉक यांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी करा. जुना भाग सोबत न्या.

कारागिराला दोन गोष्टी आवर्जून सांगा. दोरा पॉलिएस्टरचा वापरा, कारण साधा सुती दोरा ओलीत लवकर कुजतो. आणि ठिगळाचे कोपरे गोल ठेवा, कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो. खिडकी नुसती धुरकट झाली असेल तर पॉलिशने भागतं का ते आधी बघा. तिला पेट्रोल किंवा थिनर अजिबात लावू नका.

एका ठिकाणी मात्र जुगाड नको, ते म्हणजे पुढचं लॉक. एक्सप्रेसवेवर हूड उडालं तर प्रश्न पैशांचा राहत नाही.

बटणावर चालणारं हूड असेल आणि मध्येच अडकलं, तर लगेच पंप बदलायला होकार देऊ नका. फ्यूज, बॅटरी आणि हायड्रॉलिक तेलाची पातळी आधी तपासून घ्या. काही गाड्यांत डिकीतला पडदा जागेवर नसेल तर हूड हलतच नाही. हाताने बंद करायची पद्धत गाडीच्या पुस्तिकेत बघा, जोर लावू नका.

३. भाव पावसाळ्यांत मोजा

आकडे फक्त उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. नवं हूड २४,००० रुपयांचं आणि सहा पावसाळे टिकणारं, म्हणजे एका पावसाळ्याला ४,०००. दुरुस्ती ४,५०० ची. ती तीन पावसाळे टिकली तर वर्षाला १,५०० पडले, म्हणजे दुरुस्तीच स्वस्त. एकच पावसाळा टिकली तर नवं हूड स्वस्त.

पण धंद्यात नुसतं स्वस्त-महाग बघून चालत नाही, पैसा कधी लागणार तेही बघावं लागतं. आज दुरुस्ती केली तर १९,५०० रुपये हातात राहतात आणि गणपतीच्या मालात फिरतात. नवं हूड सीझनचं पेमेंट आल्यावर, दिवाळीनंतर घ्या. त्यासाठी या वर्षी ५०० रुपये जास्त गेले तरी सौदा वाईट नाही.

४. विमा आणि आरटीओ

झाडाची फांदी पडून हूड फाटलं तर सर्वसमावेशक पॉलिसीत दावा करता येतो. जुनं होऊन झिजलं तर नाही. दावा करतानाही हिशोब करा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. शिवाय खासगी गाडीला १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,००० रुपये सक्तीने तुमच्या खिशातून जातात. वर नो क्लेम बोनस जातो. छोट्या कामाला दावा परवडत नाही. खासगी पॉलिसीत नमुने नेणं चालतं, पण माल वाहणं किंवा लग्नाला गाडी भाड्याने देणं बसत नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि "कापड काढा, पत्र्याचं टप बसवा" असं कुणी सुचवलं, तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही.

५. बंद दिवसांचाही खर्च धरा

डिलाईल रोडचा पूल आठवा. जुलै २०१८ मध्ये तो वाहनांसाठी बंद झाला. सांगाडाच धोकादायक, त्यामुळे डागडुजी चालणार नव्हती, पाडून नवाच बांधावा लागला. पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. रोज वळसा घालण्याची किंमत काय असते, हे इथल्या धंदेवाल्यांना मी सांगायला नको.

हूडचंही तसंच. सांगाडा गेला असेल तर ठिगळावर पैसे घालवू नका. सांगाडा शाबूत असेल तर नव्याची घाई नको. आणि कोटेशन घेताना "गाडी किती दिवस उभी राहील?" हे विचाराच. चार दिवस टॅक्सीने फिरावं लागलं, तर ते भाडंही दुरुस्तीच्या खर्चातच धरा.

दादा, तुमच्या वर्णनावरून तरी आधी लॉक-रबर आणि खिडकीजवळची शिवण असं वेगळं कोटेशन घ्या. जूनच्या आधी काम उरकून टाका. त्यानंतर एकच पथ्य: ओलं हूड दुमडून ठेवू नका, बुरशी धरते.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब लिहून ठेवा!