थैलीतील दोन वजने
मनुष्याचा पापस्वभाव आणि अप्रामाणिकपणा यांविषयी काही विचार

निपाणी परिसरातील मंडळीत पापाविषयी उपदेश करावयाचा झाल्यास तराजूचा दृष्टान्त दूर शोधावा लागत नाही. तंबाखूचे बोद, त्याचे वजन, वजनातून धरलेली सूट आणि शेवटी हाती पडणारा पैसा ही येथील घराघरांतील बोली आहे. म्हणूनच धर्मसिद्धान्तातील एका कठीण विषयास आम्ही याच वाटेने हात घालीत आहोत.

अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात थैलीत दोन प्रकारची वजने, एक मोठे व एक लहान, बाळगण्यास मनाई केली आहे. इब्री भाषेत वजनाला ‘दगड’ हाच शब्द आहे, कारण त्या काळी दगडांनीच तोलीत. मोठा दगड घेताना व लहान दगड देताना, हे वाचकांस सांगणे नलगे. परंतु नियमशास्त्र वापरण्यापाशी थांबत नाही, थैलीत ठेवणेच निषिद्ध मानते, हे लक्षात घ्यावे. फसवणूक बाजारात घडते खरी, पण तिची तयारी घरून निघतानाच झालेली असते.

आपल्या भाषेत ‘पाप’ म्हटले की एखादे कृत्य डोळ्यांपुढे येते, आणि त्याच्या समोर पुण्याची दुसरी रकाना मांडलेली असते. मराठीत ख्रिस्ती विचार रुजविणारे बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावातच जन्मले व १८५४ साली तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पिढीला हाच जुना शब्द घेऊन त्यात नवा अर्थ भरावा लागला. इब्री क्रियापदाचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. शास्ते या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात केसाचाही नेम न चुकविणाऱ्या गोफणधाऱ्यांविषयी तेच क्रियापद आले आहे. ग्रीक ‘हमार्तिया’चा मूळ भावही तसाच. पौल तर रोमकरांस लिहिताना पाप हा शब्द बहुधा एकवचनी योजतो, जणू ती मनुष्यावर राज्य करणारी सत्ता आहे. कृत्ये मोजता येतात, पण नेमच वाकडा असेल तर मोजणार काय?

पतनाच्या कथेत याचा पहिला पुरावा मिळतो. देवाने विचारले असता आदामाने दिलेले उत्तर पुन्हा वाचावे. स्त्री देवाने दिली होती, फळ स्त्रीने दिले, आणि त्याने ते खाल्ले. यात खोटा असा एकही शब्द नाही. तरीही ते उत्तर अप्रामाणिक आहे, कारण प्रत्येक खरा शब्द स्वतःस सोडविण्यासाठी व दुसऱ्यावर ढकलण्यासाठी मांडला आहे. खोटे बोलण्याआधीच सत्याचा दुरुपयोग सुरू झाला! आमच्या मते मनुष्याच्या पापस्वभावाचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल.

पेलागियुसाचे म्हणणे असे की मनुष्य निर्दोष जन्मतो व वाईट उदाहरणे पाहून बिघडतो. संत ऑगस्तीन यांनी यास विरोध केला, आणि ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियुसाचे मत नाकारले. पुढे लूथर व त्रेंत धर्मसभा यांच्यात आदिपापाच्या परिणामांविषयी मतभेद झाले. तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. कृपेवाचून मनुष्य स्वतःस सरळ करू शकत नाही, एवढे उभयपक्षी मान्य आहे.

तथापि या सिद्धान्ताचाच एक दुरुपयोग होतो, आणि त्याविषयी आम्हांस अधिक बोलावयाचे आहे. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला. सुमारे तीन आठवड्यांनी, ६ एप्रिल रोजी, पोलिसांच्या गोळीबारात १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. पडेल भाव, वजनातील कपात, थकलेले पैसे, अशा तक्रारी वर्षानुवर्षे साचल्या होत्या. विडी वळणाऱ्या स्त्रियांची तक्रारही हिशेबाचीच असे. पाने कमी मिळत, आणि ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी मिळत नसे. विडी कामगारांसाठी १९६६ साली झालेल्या कायद्यालाही या छाटीच्या तंट्याची दखल घ्यावी लागली.

अशा वेळी, ‘आपण सर्वच पापी, शेतकरीही चांगल्या पाल्यात हलका पाला दडवितोच,’ असे म्हणून विषय संपविणारे भाविक आम्हांस भेटतात. शेतकरी दडवीत नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सर्वांचा स्वभाव एकसारखा पतित आहे यावरून सर्वांची हानी एकसारखी ठरत नाही. आमोस संदेष्टा एफा लहान व शेकेल मोठा करणाऱ्यांना बोल लावतो, तेव्हा गरिबांनीही आत्मपरीक्षण करावे असे पुरवणीवाक्य जोडीत नाही. तराजू ज्याच्या हाती असतो त्याच्या पापाला दुसऱ्याच्या भाकरीवर सत्ता मिळते. आदिपापाच्या नावाने हा भेद पुसणे म्हणजे थैलीत तिसरा दगड ठेवणे होय.

आता स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी एका तरुणास नोकरीसाठी आम्ही चारित्र्याचा दाखला लिहून दिला. पूर्वीच्या ठिकाणी त्याच्या हातून रकमेची अफरातफर झाली होती, हे आम्हांस ठाऊक होते. दाखल्यात आम्ही लिहिले की तो उपासनेस नियमित येतो व वडीलधाऱ्यांचा मान राखतो. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ऑगस्तीन यांनी असत्यावरील ग्रंथात असत्याचे आठ प्रकार सांगून दयेपोटी बोललेले असत्यही पापात गणले आहे. तो कठोरपणा आम्हांस विद्यार्थीदशेत रुचला नव्हता. दाखला टपालात टाकल्यावर मात्र आदामाचे उत्तर आठवले, आणि ते आमच्याच अक्षरात होते.

पश्चात्तापाचा प्रश्न आला की मंडळी प्रार्थनेविषयी विचारते, हिशेबाविषयी नव्हे. लेवीयच्या सहाव्या अध्यायातील क्रम पाहावा. ज्याने शेजाऱ्यास ठकविले त्याने मूळ रक्कम व वर पाचवा हिस्सा धन्यास परत करावा, आणि मग दोषार्पणाचा मेंढा आणावा. जक्कयाने तर चौपट देऊ केले.

एका धर्मबंधूने आम्हांस विचारले, फसविलेली माणसे आता कोठे सापडणार? ती रक्कम दानपेटीत टाकली तर चालेल काय? शोध करूनही धनी सापडत नसेल तर ते द्रव्य त्याच्या कल्याणार्थ गरिबांस द्यावे, असे संत थॉमस अक्विनास यांचे मत आहे. आम्ही त्यांस ते सांगितले, आणि मजुरीची जुनी वही अजून घरी आहे काय, असे विचारले. वही होती. तीत स्त्रियांची नावे होती, आणि त्यांतील कित्येक त्याच गल्लीत राहत होत्या.