शाळकरी मुलांसाठी रचलेल्या काता

कराटेच्या वर्गात मुलांना सुरुवातीला शिकवली जाणारी ‘हेइआन शोदान’ ही काता (म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींची मालिका) फार प्राचीन असावी, असा अनेक पालकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे. ओकिनावातील गुरू अंको इतोसू यांनी १९०१ च्या सुमारास तिथल्या शाळांत कराटे नेले आणि पुढच्या काही वर्षांत ‘पिनान’ नावाच्या पाच काता पुढे आणल्या. त्यांतल्या कितीतरी हालचाली ‘कुशांकू’ या जुन्या, लांबलचक कातेशी जुळतात. कुशांकू हे एका चिनी माणसाचे नाव. त्याने ओकिनावात दाखवलेल्या झुंजकलेचा उल्लेख १७६२ च्या एका जपानी नोंदीत सापडतो. मात्र आजची काता त्याने जशीच्या तशी शिकवली, असे म्हणायला ती नोंद पुरत नाही.

१९२२ मध्ये टोकियोला गेलेल्या कराटेगुरू गिचिन फुनाकोशींनी पुढे ‘पिनान’चे ‘हेइआन’ केले आणि पहिल्या दोन कातांचा क्रम उलटवला. त्यामुळे त्यांच्या शोतोकान शैलीतली पहिली काता शितो-ऱ्यू किंवा वादो-ऱ्यू या शैलींत दुसरी ठरते. दोन वर्गांत वेगळा क्रम दिसला, तर कोणत्याही शिक्षकाला चुकीचे ठरवू नका. आधी त्यांची शैली विचारा.