मधल्या फळीचा माणूस

फुटबॉलचा सामना पाहून घरीं परतलेल्या माणसाला हकीकत विचारली, तर तो प्रथम गोल कोणीं केला तें सांगतो, आणि मग गोलरक्षकानें कोणता चेंडू अडविला तें सांगतो. या दोघांच्या मध्यें जो नव्वद मिनिटें धांवत होता, त्याचें नांव बहुधा त्याच्या तोंडीं येत नाहीं. आज ज्या खेळाडूविषयीं मीं बोलण्याचें योजिलें आहे, तो या मधल्यांपैकींच एक. त्याचें नांव झेंग झी. चिनी रीतीप्रमाणें कुळाचें नांव आधीं येतें, तेव्हां झेंग हें त्याचें आडनांव समजावें.

या मधल्या फळीचें काम तरी काय? बचावफळीनें हिसकावलेला चेंडू आघाडीपर्यंत पोंचविणें, प्रतिपक्षाचा हल्ला वाटेंतच मोडणें, आणि आपल्या संघाचा वेग केव्हां वाढवावा व केव्हां आंवरावा हें ठरविणें. एकत्र कुटुंबांतील मधल्या भावाची स्थिति आपणांस ठाऊक आहे. वडीलपणाचा मान त्याला नाहीं, शेंडेफळाचें कौतुकहि नाहीं. पण बाजारहाटापासून दुखण्याखुपण्यापर्यंत सारें त्याच्यावर पडतें. मधल्या फळीचा खेळाडू हा असाच असतो.

झेंगचा जन्म २० ऑगस्ट १९८० रोजीं ईशान्य चीनमधील शेनयांग या कारखान्यांच्या शहरीं झाला. त्याच्या बालपणीं चीनमध्यें फुटबॉल हा धंदा नव्हता. खेळाडू प्रांतिक क्रीडामंडळांच्या पदरीं असत व सरकारी नोकराप्रमाणें वेतन घेत. १९९४ सालीं तेथें व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली, तेव्हां हा मुलगा तेरा-चौदा वर्षांचा होता. म्हणजे चिनी व्यावसायिक फुटबॉल आणि झेंग झी हे जणूं बरोबरीनेंच वाढले, आणि म्हणूनच एकाची कथा सांगतांना दुसऱ्याची आपोआप सांगितली जाते.

२००१ सालीं तो हाँगकाँगला लागून असलेल्या शेन्झेन शहराच्या संघांत दाखल झाला. २००४ सालीं साखळी स्पर्धेची नवी मांडणी होऊन तिला 'सुपर लीग' हें भारदस्त नांव मिळालें, आणि पहिल्याच वर्षीं शेन्झेनच्या संघानें अजिंक्यपद पटकाविलें. यांतील विलक्षण गोष्ट अशी कीं, विजेत्या संघांतील खेळाडूंचें वेतन कित्येक महिने थकलेलें होतें! पुढील वर्षीं झेंग शानडोंग प्रांताच्या संघांत गेला, आणि २००६ सालीं त्या संघानें साखळी व चषक हीं दोन्ही पदें एकाच वर्षीं मिळविलीं.

माझ्या या नायकाचें चरित्र निष्कलंक आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. जून २००६ मध्यें फ्रान्सशीं झालेल्या मैत्रीच्या सामन्यांत चेंडूमागें धांवतां धांवतां त्याचा धक्का लागून फ्रान्सचा जिब्रिल सिसे पडला व त्याच्या नडगीचें हाड मोडलें. विश्वचषक स्पर्धा दोन दिवसांवर आली होती. सिसे तिला मुकला. २००८ च्या ऑलिंपिकमध्यें चीनचें कर्णधारपद झेंगकडे होतें. बेल्जियमविरुद्धचा सामना त्याच्याच जन्मगांवीं, शेनयांगला, झाला. त्या सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला कोपर मारल्याबद्दल पंचांनीं त्याला मैदानाबाहेर काढलें. स्वतःच्या गांवकऱ्यांदेखत, कर्णधार असतांना, मान खालीं घालून बाहेर पडावें लागणें याहून कडू प्रसंग खेळाडूच्या वांट्यास क्वचितच येत असेल. त्यानंतरहि तो दहा वर्षांहून अधिक काळ देशासाठीं खेळला, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मधल्या काळांत, २००७ च्या आरंभीं, तो इंग्लंडला गेला होता. लंडनच्या आग्नेय भागांतील चार्लटन अ‍ॅथलेटिक या संघानें त्याला प्रथम उसना व मग कायमचा घेतला. संघ पडत्या काळांत होता. त्याच वर्षीं तो वरच्या श्रेणींतून दुसऱ्या श्रेणींत उतरला, आणि २००९ सालीं तिसरींत. पण या चार्लटनचा एक जुना इतिहास मला येथें सांगितलाच पाहिजे, कारण पुढें त्याचा उपयोग होणार आहे. १९८५ सालीं या संघाला 'व्हॅली' हें आपलें मैदान सोडून परक्या मैदानाचा आश्रय घ्यावा लागला होता. व्हॅलीमध्यें रान माजलें. तेव्हां संघाच्या चाहत्यांनीं स्वतः जाऊन तें रान साफ केलें. इतकेंच नव्हे, तर १९९० च्या स्थानिक निवडणुकींत या एकाच मागणीसाठीं एक पक्ष उभा करून त्यांनीं जवळजवळ पंधरा हजार मतें मिळविलीं. १९९२ च्या डिसेंबरांत संघ आपल्या घरीं परत आला. झेंग खेळला तो याच व्हॅलीच्या मैदानावर.

नंतर ग्लासगोच्या सेल्टिक संघांत एक हंगाम काढून २०१० सालीं तो मायदेशीं परतला. वय तिशीला आलेलें; लोकांच्या हिशेबीं उतार सुरू झालेला. तो गेलाहि कोठें, तर दुसऱ्या श्रेणींतील ग्वांगझूच्या संघांत! सामन्यांचे निकाल पैसे देऊन ठरविल्याबद्दल त्या संघाला खालच्या श्रेणींत ढकलण्यांत आलें होतें, आणि एव्हरग्रांड नांवाच्या घरबांधणीच्या बलाढ्य कंपनीनें तो नुकताच विकत घेतला होता. मग पैशाचा पाऊस पडला. दक्षिण अमेरिकेंतून नामांकित खेळाडू आले. इटलीला विश्वचषक जिंकून देणारे मार्चेलो लिप्पी मार्गदर्शक म्हणून आले. २०११ ते २०१७ अशीं ओळीनें सात वर्षें, आणि पुन्हां २०१९ सालीं, ग्वांगझूनें साखळी जिंकली. या आठहि वेळीं झेंग संघांत होता. २०१३ मध्यें आशियाई क्लब-अजिंक्यपदाच्या अंतिम फेरींत सोलच्या संघाशीं दोन्ही सामने बरोबरींत सुटले. परंतु परगांवीं केलेल्या गोलांना अधिक मोल देण्याचा नियम असल्यामुळें चषक ग्वांगझूकडे आला. त्याच वर्षीं, तेहतिसाव्या वर्षीं, झेंग आशियाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१५ सालीं हा चषक ग्वांगझूनें पुन्हां जिंकला.

एक गोष्ट मात्र त्याला लाभली नाहीं. चीनचा संघ विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेंत गेला तो एकदांच, २००२ सालीं, आणि झेंग राष्ट्रीय संघांत आला तो ती स्पर्धा संपल्यावर. पुढच्या खेपेस, २००४ च्या नोव्हेंबरांत, चीनचे व कुवेतचे गुण सारखे झाले, गोलांचें अंतरहि सारखें झालें. केवळ एक गोल अधिक केल्यामुळें कुवेत पुढें गेला. त्यानंतर दार उघडलें नाहीं. २०१९ च्या आशियाई चषकांत अडतिसाव्या वर्षींहि संघाचा कर्णधार तोच होता. देशासाठीं शंभरांहून अधिक सामने खेळलेला हा माणूस विश्वचषकाच्या मैदानावर कधींच उतरला नाहीं.

आतां शेवट. ग्वांगझूच्या खर्चाला तिकिटांचें वा प्रक्षेपणाचें उत्पन्न पुरे पडत नव्हतें. तूट भरून निघे ती मालकाच्या तिजोरींतून. २०२१ सालीं एव्हरग्रांड कर्जाच्या ओझ्याखालीं वांकली आणि ती तिजोरी आटली. परदेशी मार्गदर्शक निघून गेले, तेव्हां एकेचाळीस वर्षांच्या झेंगनेंच खेळाडू व मार्गदर्शक अशी दुहेरी जबाबदारी काहीं काळ पत्करली. २०२२ अखेर संघ खालच्या श्रेणींत गेला, आणि जानेवारी २०२५ मध्यें कर्ज न फिटल्यामुळें व्यावसायिक फुटबॉलमधून त्याचें नांवच पुसलें गेलें. त्यापूर्वी एक वर्ष, २०२४ सालीं, शेन्झेनचा तो जुना विजेता संघहि असाच विसर्जित झाला होता. 'सुपर लीग'चा पहिला विजेता आणि तिचा सर्वांत यशस्वी विजेता, दोघेहि आज नाहींत.

याउलट चार्लटन पाहा. तो पुन्हां पुन्हां घसरला, विजयाचे दिवस विरळ झाले, पण संघ आहे. एका संघाला एका धनिकानें पोसलें, दुसऱ्यासाठीं गल्लींतल्या माणसांनीं कोयते घेऊन रान कापलें. चिनी प्रेक्षकांचें प्रेम उणें होतें असें मी मुळींच म्हणणार नाहीं. ग्वांगझूचें मैदान भरून वाहत असे. पण त्या प्रेमाला संघाच्या कारभारांत जागा नव्हती. मालक बुडतांच चाहत्यांच्या हातांत धरून ठेवण्यासारखें कांहींच उरलें नाहीं.

मधल्या फळीचा खेळाडू दोन टोकें जोडतो. झेंग झीनें तें काम वीस वर्षें इमानानें केलें. परंतु संघ आणि त्याचें गांव यांना जोडणारी जी दुसरी एक मधली फळी असावी लागते, ती एकट्या खेळाडूला उभारतां येत नाहीं. आपल्या गल्लींतील एखादें क्रीडामंडळ, एखादें वाचनालय आज कोणा उदार गृहस्थाच्या देणगीवर चाललें असेल, तर त्याची वर्गणी आपण भरली आहे काय, एवढें आज घरोघरीं विचारून पाहावें.