किलो नंतर, आधी लिटर

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा कुठल्याही मोठ्या शहरातल्या हार्डवेअरच्या पेठेत हवेचा रेग्युलेटर मागितला, की दुकानदार उलट विचारतो, "पाव इंची देऊ की तीन सूत?" (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) घरचे जुने कपाट, दोन खुर्च्या, सायकलची फ्रेम असे काहीबाही रंगवायला निघालेले गिऱ्हाईक इथे अडखळते. घरून त्याने एकच आकडा पाठ करून आणलेला असतो, रंग फवारायच्या गनला किती प्रेशर लागते त्याचा. समोरच्या स्वस्तातल्या पाव इंची रेग्युलेटरवर दहा किलोपर्यंतचा काटा दिसतो. आपल्याला तर दोन-अडीच किलोच हवे, म्हणजे हा भरपूर झाला, असे म्हणून तो पैसे मोजतो.

हिशेब तिथेच फसतो.

कारखान्यात ज्याला 'किलो' म्हणतात तो म्हणजे एक चौरस सेंटिमीटरवर एक किलो इतका दाब. तो साधारण १४.२ पीएसआय भरतो आणि बारच्या जवळपास असतो, त्यामुळे घरगुती कामात किलो आणि बार एकच धरले तरी चालते. लहान कॉम्प्रेसर बहुधा टाकीत आठ बार भरला की बंद पडतो आणि दाब सहाच्या आसपास उतरला की पुन्हा सुरू होतो. हा चढउतार थेट गनपर्यंत गेला तर रंग कधी फवाऱ्यासारखा उडेल, कधी थेंबाथेंबाने पडेल. म्हणून मध्ये रेग्युलेटर. स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटर एका ठरलेल्या, अगदी कमी दाबाचा असतो. हवेच्या रेग्युलेटरवर मात्र नॉब असतो. नॉब घट्ट केला की आतली स्प्रिंग दबते, ती पातळ पडद्याला खाली ढकलते आणि पडदा झडप उघडतो. पुढच्या बाजूला हवा साठून दाब वाढला की तोच पडदा वर उचलला जातो आणि झडप मिटते. हवा वाहत असते तोवर या दोन जोरांची ओढाताण चालूच राहते.

पण झडपेचे तोंडच लहान असेल तर? जर्मनीतल्या साटा कंपनीची 'साटाजेट ५००० बी' ही गन दोन प्रकारांत येते. दोन्हींना दाब एकच लागतो, २ बार. हवा मात्र एकीला मिनिटाला सुमारे २९० लिटर लागते, तर एचव्हीएलपी (हवा जास्त, टोकाशी दाब कमी) प्रकाराला ४३०. दाबाचा आकडा सारखा असूनही दुसरीची भूक जवळजवळ दीडपट आहे. रेग्युलेटर या लिटरच्या आकड्यावरून निवडायचा असतो. चांगल्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात कोणत्या दाबाला किती लिटर हवा पुढे जाते याचा आलेख दिलेला असतो. दुकानात तो मिळाला नाही तरी साधा अंदाज असा: एअरब्रशसाठी पाव इंची पुरे, पूर्ण मापाच्या गनसाठी तीन सुताच्या खाली जाऊ नये.

लहान रेग्युलेटरची अडचण काट्यावर सरळ दिसते. ट्रिगर सोडलेला असताना काटा अडीच बारवर स्थिर उभा असतो. ट्रिगर दाबला की तो झटकन खाली येतो, कधी दोनवर, कधी दीडवर, आणि गन चालू असेपर्यंत तिथेच राहतो. रंगाला खरा दाब मिळतो तो हा खालचा. रंग नीट फुटत नाही, थेंब जाड पडतात आणि वाळल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. मारणारा रंगाला दोष देतो, आणखी थिनर ओततो, मग ओघळ येतात. म्हणून दाब लावण्याची पद्धत ठरलेली आहे. गनमध्ये रंग न भरता ट्रिगर पूर्ण दाबून धरायचा आणि त्याच अवस्थेत नॉब फिरवून काटा हव्या आकड्यावर आणायचा. दाब कमी करायचा असेल तर आधी आकड्याच्या खाली उतरायचे आणि मग वर चढत यायचे. वरून खाली आणलेला दाब नेमका बसत नाही.

रेग्युलेटर मोठा घेतला म्हणून कॉम्प्रेसर मोठा होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. २४ लिटरची टाकी आठ बारवरून तीनवर उतरेपर्यंत तिच्यातून साधी मोकळी हवा निघते ती २४ गुणिले ५, म्हणजे १२० लिटर. गनला मिनिटाला २५० लिटर लागतात आणि एक हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर जेमतेम १०० देतो असे धरले, तर दर मिनिटाला १५० लिटरची तूट पडते. टाकी पाऊण मिनिटात रिकामी. खुर्चीचा एक पाय रंगवायला तेवढा वेळ पुरतो, कपाटाच्या दाराला नाही. अशा घरी कमी हवा खाणारी, लहान नोजलची गन घेणेच बरे.

किती दाब, याचे उत्तर गनच्या कागदावर असते. एअरब्रशचे काम एक ते दोन बारमध्ये भागते. एचव्हीएलपी गनला मुठीपाशी साधारण दोन बार लागतात, आणि रंग बाहेर पडतो तिथे दाब ०.७ बारच्या वर जाऊ नये हे त्या प्रकाराचे लक्षणच आहे. जुन्या पद्धतीची गन तीन-चार बार मागते. मग काटाही त्या मानाने हवा. सोळा बारपर्यंतच्या घड्याळावर दोन आणि सव्वादोनमधला फरक डोळ्यांना कळत नाही, सहा बारच्या घड्याळावर कळतो. लांब नळीतही दाब गळतो. सहा मिलिमीटरच्या नळीपेक्षा आठ किंवा दहाची बरी, आणि गनच्या मुठीपाशी एक छोटे घड्याळ लावले तर अंदाजावर राहावे लागत नाही.

मुठीपाशी लावायला बाजारात एक स्वस्त नॉबवाली कळही मिळते. दिसायला ती रेग्युलेटरसारखीच असते, पण आत स्प्रिंग नसते, पडदाही नसतो. ती फक्त वाट अरुंद करते. ट्रिगर सोडला की तिच्यामागचा सगळा दाब पुढे येऊन साठतो आणि पुढच्या फटक्याला रंग एकदम उसळतो. खरा रेग्युलेटर ओळखायचा तर ट्रिगर सोडून नॉब सैल करावा. दाब सोडणाऱ्या प्रकारच्या रेग्युलेटरमधून 'फिस्स' करून जादा हवा बाहेर पडते आणि काटा उतरतो. घरच्या कामाला हाच प्रकार घ्यावा.

आता पाणी. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्तींच्या अंगाचा रंग गनने मारतात, आणि रंगकामाची घाई असते ती ऐन आषाढ-श्रावणात, हवा सर्वांत दमट असताना. तीस अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर घनमीटरभर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. ही हवा आठपट दाबून पुन्हा गार झाली की बहुतेक वाफेचे पाणी होते. मिनिटाला २०० लिटर खाणारी गन एकूण अर्धा तास चालली, तर त्या हवेतून १२० ग्रॅमच्या आसपास पाणी निघते, म्हणजे चहाचा एक कप. ते अडवायला फिल्टर आणि रेग्युलेटर एकत्र असलेले युनिट घ्यावे, पाच मायक्रॉनचे. ते टाकीच्या तोंडाशी मात्र बसवू नये, कारण तिथे हवा गरम असते आणि वाफ फिल्टरमधून तशीच निसटते. नळीत किंवा धातूच्या पाइपात हवा गार होऊ द्यावी आणि मग भिंतीवर, पाणी साठायची वाटी खाली येईल असे युनिट लावावे. अंगावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवावा. टाकीखालची तोटी काम संपल्यावर रोज उघडावी. वाटी पॉलिकार्बोनेटची असेल तर ती थिनरने पुसू नये, प्लॅस्टिकला तडे जातात आणि दाबाखाली ती फुटू शकते. साबणाचे पाणी पुरते.

दुकानदार बहुधा 'एफआरएल', म्हणजे फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटरचा संच, पुढे करतो. त्यातला शेवटचा भाग हवेत तेल मिसळतो. नट खोलायच्या हवेच्या यंत्राला ते हवे असते, रंगाला ते विष आहे. तेलाचा कण पडला की तिथून रंग मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे उमटतात. म्हणून तेलाच्या वाटीशिवायचे युनिट मागावे, आणि आधी तेल गेलेली नळी रंगाला वापरू नये.

तेव्हा घरच्या लाकूडकामाला मध्यम गन असेल तर मागणी अशी असावी: तीन सुताचा, दाब सोडणारा फिल्टर-रेग्युलेटर, पाच मायक्रॉनचा, सहा बारच्या घड्याळाचा, वाटीला धातूचे कवच असलेला. जाताना गनचा कागद सोबत न्यावा आणि त्यावरचा लिटरचा आकडा दुकानदाराला आधी दाखवावा. आणि हार्डनर मिसळायचा टूके पीयू रंग घरात मारू नये. त्यातली आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहेत, आणि रेग्युलेटरवरचा फिल्टर फक्त गनकडे जाणारी हवा साफ करतो.