काटा, टाकी आणि संशय

ट्रकच्या डॅशबोर्डवरचा डिझेलचा काटा अवेळी खाली उतरला, की पहिला संशय ड्रायव्हरवर येतो. भुसावळात ही गोष्ट किरकोळ नाही. सुरतेकडून कोलकात्याकडे जाणारा, पूर्वीचा ६ आणि आताचा ५३ क्रमांकाचा महामार्ग इथून जातो. रावेर-यावलची केळी ट्रकने थेट उत्तरेत पोहोचतात. या धंद्यात मालक आणि ड्रायव्हर यांच्यातला विश्वास डिझेलच्या हिशेबावर उभा असतो. म्हणूनच हा काटा नेमकं काय मोजतो, ते मी महामार्गालगतच्या वायरमन मंडळींकडून समजून घेतलं.

तो डिझेल मोजतच नाही. टाकीत एक फ्लोट तरंगतो. तो वरखाली झाला, की त्याच्या दांडीला जोडलेला संपर्क रोधाच्या तारेवरून सरकतो. काटा हलतो तो या रोधाप्रमाणे. वीज बॅटरीतून किल्लीमार्गे मीटरला, तिथून एका वायरने टाकीवरच्या युनिटला आणि अर्थिंगमधून परत बॅटरीला जाते. समजा, टाकी भरलेली असताना युनिटचा रोध ३० ओहम आणि रिकामी असताना २४० ओहम आहे. टाकी आणि चासी यांच्यामध्ये बहुधा रबराच्या पट्ट्या असतात. त्यामुळे अर्थिंगची वेगळी वायर लागते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तिच्या बोल्टवर बसतो, बोल्ट गंजतो. त्या गंजाने १०० ओहमची भर घातली, तर तुडुंब टाकीही बरीच रिकामी दिसते. डिझेल कुणी काढलेलं नसतं. विजेची परतीची वाट अडलेली असते.

जाणता वायरमन आधी टाकीत स्वच्छ काठी बुडवून खरी पातळी बघतो. मग टाकीचं झाकण बंद करून, किल्ली चालू ठेवून, युनिटवरची मीटरची वायर सोडवतो. वरच्या उदाहरणातला काटा आता 'रिकामी'वर जायला हवा. तीच वायर टाकीच्या तोंडापासून दूर, चासीच्या घासून साफ केलेल्या जागेला क्षणभर टेकवली, की काटा 'भरलेली'कडे धावायला हवा. दोन्ही घडलं, तर मीटर आणि वायर ठीक. दोष युनिटमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. काटा हललाच नाही, तर फ्यूज, मीटरचा पुरवठा आणि मधली वायर तपासायची. तापमानाचा काटाही सोबत बिघडला असेल, तर दोघांचा सामाईक पुरवठा किंवा मीटरचं अर्थिंग आधी बघायचं.

अर्थिंगचा निकाल व्होल्टमीटर देतो. वायर पुन्हा जोडून मीटरचं एक टोक युनिटच्या बॉडीला, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावायचं. आकडा शून्याजवळ हवा. व्होल्ट दिसू लागले, तर वाटेत गंज आहे. ही टेकवण्याची रीत जुन्या मीटरांची. नव्या, कंट्रोल युनिट असलेल्या गाड्यांत कंपनीची पुस्तिका बघितल्याशिवाय तसं करू नये.

ड्रायव्हरच्या पगारातून डिझेलचे पैसे कापण्याआधी मालकाने एवढा तपास त्याच्यासमोरच करून घ्यावा. कित्येकदा दोष एका बोल्टचा असतो, आणि तो पॉलिश पेपरने निघतो.